'सगळं उघडलं होतं, मग तेव्हाच का?'

पत्र असं आहे:

"माझा धाकटा भाऊ एकतीस वर्षांचा आहे. दुसऱ्या शहरात एका मित्रासोबत फ्लॅटमध्ये राहतो. कोविडच्या पहिल्या लाटेत त्याची नोकरी गेली, पण तेव्हा उलट तोच आम्हाला धीर द्यायचा. रोज व्हिडिओ कॉल करायचा, माझ्या मुलाला गणित शिकवायचा, आईला फोनवरून पैसे कसे भरायचे ते दाखवायचा. आम्हाला वाटायचं, केवढा खंबीर आहे हा! पुढे निर्बंध उठले, माणसं कामाला लागली आणि त्यानंतर चार-पाच महिन्यांनी त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. आता औषधं चालू आहेत, नवी नोकरी आहे, हसतो, बोलतो. पण गेल्या महिन्यापासून बातम्यांत कुठल्याशा नव्या आजाराचं नाव येतंय आणि माझी झोप उडाली आहे. दिवसातून तीन-तीनदा फोन करते. परवा तो म्हणाला, 'ताई, तू बहीण आहेस की वॉचमन?' आई म्हणते, तो विषय घरात काढायचाच नाही, तो विसरलाय, कशाला आठवण करून द्यायची. मला एवढंच विचारायचंय, सगळं बंद होतं तेव्हा तो ठीक होता. सगळं उघडलं होतं, मग तेव्हाच का? मला आधी का कळलं नाही? पुन्हा तशी साथ आली तर मी काय करू? त्याला सरळ विचारलं तर नसलेलं त्याच्या डोक्यात येईल का? आणि त्याच्या फ्लॅटमधल्या मित्राला सांगून ठेवू का? – एक ताई"

ताई, पत्रातला प्रयत्नाचा तपशील मी गाळला आहे. मन आधीच खचलेल्या वाचकाला असा तपशील घातक ठरू शकतो, म्हणून या सदरात तो कधीच येत नाही. बाकी पत्र जवळजवळ तुमच्याच शब्दांत आहे. तुमच्या लिहिण्यावरून भावाला आज, या घडीला धोका आहे असं मला दिसत नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या मनात आत्ता तसे विचार येत असतील, तर पुढचं वाचायच्या आधी कुणाला तरी फोन करा. भारतात टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. अमेरिकेत असाल तर ९८८. ब्रिटनमध्ये समॅरिटन्सचा ११६ १२३. स्वतःसाठीच फोन केला पाहिजे असंही नाही. घरातल्या कुणाची काळजी वाटते म्हणूनही करता येतो. ताई, तुम्हीसुद्धा.

आता तुमचा पहिला प्रश्न. तुम्हाला ते कोडं वाटतंय, पण या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांना ते ओळखीचं आहे. २०२० च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महासाथ म्हटलं आणि पाठोपाठ आत्महत्यांची लाट येणार अशी भाकितं सुरू झाली. ती लाट आली नाही, निदान लगेच तरी नाही. २१ देशांची आकडेवारी तपासणारा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री' या नियतकालिकात आला. साथीच्या पहिल्या काही महिन्यांत त्यातल्या एकाही देशात आत्महत्यांमध्ये लक्षणीय वाढ दिसली नाही. काही ठिकाणी तर त्या अपेक्षेपेक्षा कमी होत्या. (त्यात श्रीमंत आणि बऱ्यापैकी उत्पन्न असलेलेच देश होते. गरीब देशांबद्दल त्यावरून काही म्हणता येत नाही, हे विसरायला नको.) जपानमध्ये तर अगदी तुमच्या भावासारखंच घडलं. २०२० च्या फेब्रुवारी ते जून या काळात तिथल्या आत्महत्या १४ टक्क्यांनी घटल्या आणि जुलै ते ऑक्टोबरमध्ये १६ टक्क्यांनी वाढल्या. स्त्रियांमध्ये ही वाढ ३७ टक्के होती, मुलं आणि किशोरवयीनांमध्ये ४९ टक्के.

याचा अर्थ सुरुवातीला माणसं सुखात होती असा नाही. पहिल्याच वर्षात जगभरात नैराश्य आणि चिंतेच्या विकारांचं प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढलं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्रास होताच. पण त्रास होणं आणि जीव द्यावासा वाटणं यांच्यामध्ये बरंच काही असतं, आणि सुरुवातीच्या महिन्यांत ते 'बरंच काही' शाबूत होतं. सगळ्यांवर सारखीच वेळ आली होती. जो तो एकमेकांची चौकशी करत होता. नोकरी गेली तर ती साथीमुळे गेली, त्यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नव्हतं. तुमचा भाऊ तर त्या दिवसांत कामाचा माणूस होता, भाचा त्याच्यावर अवलंबून होता, आई त्याच्यावर अवलंबून होती.

मग निर्बंध उठले. मी त्याला भेटलेलो नाही, त्यामुळे हा माझा अंदाज समजा. भाच्याची शाळा सुरू झाली, गणिताचा तास बंद झाला. आईला फोनवरून पैसे भरता यायला लागले. सगळे आपापल्या कामाला लागले, रोजचे कॉल आठवड्यावर गेले, यात कुणाचीच चूक नाही. कर्जाच्या हप्त्यांना मिळालेली सवलत अशा वेळी संपते. ओळखीच्यांना एकेक करून नोकऱ्या लागतात. आणि ज्याला लागत नाही त्याच्या मनात हिशेब बदलतो. काल जे साथीमुळे झालं होतं ते आज माझ्यामुळे झालेलं असतं. 'सगळ्यांचं झालं, माझंच राहिलं' हे वाक्य लॉकडाऊनमध्ये कुणी म्हणू शकत नव्हतं. ते म्हणायला आधी बाकीच्यांचं व्हावं लागतं.

आत्महत्येला एकच एक कारण नसतं. आजार असतो, पैशाची ओढाताण असते, झोप गेलेली असते, दारू असते, घरातली मारहाण असते, आणि हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. पण तुमच्या 'तेव्हाच का' याचं उत्तर मला या हिशेबाजवळ दिसतं. म्हणून पुन्हा कधी तसे दिवस आलेच, तर पहिल्या महिन्यात तुम्ही त्याच्याकडे डोळ्यांत तेल घालून बघालच, त्याची मला काळजी नाही. साथ ओसरल्यावर, तुमच्या घरात सगळ्यांनी हुश्श केल्यावर, त्याच्यासाठी कुणी वेळ राखून ठेवला आहे का, ते बघा.

आणखी एक गोष्ट याच ओघात सांगतो, कारण ती तुमच्या आईलाही लागू आहे. २००३ मध्ये सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगमध्ये वयस्कर माणसांच्या आत्महत्या वाढल्या होत्या. मागाहून अभ्यास झाला तेव्हा दिसलं, की आजाराच्या भीतीइतकंच 'आपण घरच्यांना ओझं होऊ' या भीतीने आणि तुटलेल्या भेटीगाठींनी त्यांना गाठलं होतं. 'ओझं' हा शब्द घरात कुणाच्याही तोंडून आला तर तो थट्टेवारी नेऊ नका. 'माझं काय, मी असलो काय नसलो काय', 'तुम्ही माझ्याशिवाय सुखी राहाल', ही वाक्यं आपल्याकडे इतकी सहज बोलली जातात की कानांवरून जातात. बहुतेक वेळा त्यामागे काही नसतंही. पण विचारायला काय जातं?

आता 'मला आधी का कळलं नाही'. ताई, हा प्रश्न तुम्ही चार-पाच वर्षं उशाला घेऊन झोपता आहात, असं पत्रावरून वाटतं. आत्महत्येचा धोका आधी ओळखता येतो का, यावर ५० वर्षांत झालेल्या ३६५ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. निष्कर्ष मानसोपचारतज्ज्ञांनाही नम्र करणारा होता. धोक्याची म्हणून जी कारणं आपण मानतो त्यांवरून पुढे कोण प्रयत्न करील हे सांगणं, नाणं उडवून सांगण्यापेक्षा जेमतेमच बरं. ज्यांनी आयुष्य या कामात घालवलं त्यांना जे जमत नाही ते तुम्हाला व्हिडिओ कॉलवर, गणिताच्या तासाला, जमायला हवं होतं असं तुम्ही का धरून बसला आहात?

आणि हे फक्त तुमचं मन हलकं करण्यासाठी सांगत नाही. तुम्ही आज दिवसातून तीन फोन करता ते कशासाठी? त्याच्या आवाजावरून ओळखण्यासाठी. आवाज जरा खाली गेला की तुमच्या पोटात गोळा. तो दमलाय की खचलाय हे फोनवर कळत नाही, मग तुम्ही चौथा फोन करता. त्यालाही कळतं की आपल्याशी बोलणं चाललेलं नाही, आपली तपासणी चालली आहे. वॉचमन म्हणाला तो, त्यात राग कमी आणि थकवा जास्त असावा. ओळखत बसण्याचा हा नाद सोडा. त्याऐवजी दोन गोष्टी करा. सरळ विचारायला शिका, आणि तो बरा आहे तोवर त्याच्यासोबत बसून तयारी करा.

विचारण्याबद्दल तुमची भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते. विचारल्याने नसलेलं डोक्यात येतं का, हे पुष्कळदा तपासून झालं आहे. २०१४ मध्ये अशा अभ्यासांचा आढावा आला. मोठी माणसं होती, किशोरवयीन होते, उपचार घेणारे होते, न घेणारेही होते. आत्महत्येबद्दल विचारल्यामुळे तसे विचार वाढल्याचं एकाही अभ्यासात दिसलं नाही. मला रोजच्या कामात जे दिसतं तेही याला धरूनच आहे. विचारल्यावर माणसाचे खांदे उतरतात. कुणीतरी तो शब्द उच्चारला, म्हणजे आता तो आपल्यालाही उच्चारता येईल, असं काहीसं होत असावं.

पण कसं विचारता याला महत्त्व आहे. 'तू तसलं काही वेडंवाकडं करणार नाहीस ना?' असं विचारू नका. या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे आणि ते 'नाही' असं आहे. तो तुम्हाला तेच देईल, कारण तुम्हाला तेच हवंय. 'आईची शपथ घे' तर नकोच. त्यापेक्षा असं म्हणा, 'गेले काही दिवस तू गप्प गप्प आहेस. मागे तुला मरावंसं वाटलं होतं तसं पुन्हा वाटतंय का? जीव द्यायचा विचार येतोय का?' शब्द स्पष्ट वापरा. 'तसलं', 'ते', 'मागच्यासारखं' अशी आडवळणं घेतली की आपणही घाबरलोय हे त्याला कळतं आणि तो आपल्याला सांभाळायला लागतो. तुमचा भाऊ तर सांभाळणाऱ्यातलाच आहे.

'हो' आलं तर? तर पहिल्यांदा काही बोलू नका. 'असं कसं बोलतोस, आमचा विचार केलास का' हे ओठांवर येईल, ते गिळा. ऐका. मग विचारा, विचार नुसता येऊन जातो की कसं, कधी, असं काही ठरवलं आहे? येऊन जात असेल तर त्याच्या डॉक्टरांची वेळ लवकरात लवकर घ्यायची, त्याच्याच संमतीने. काही ठरवलं असेल, हाताशी साधन असेल, तर त्याला एकटं ठेवायचं नाही. कुणीतरी त्याच्यासोबत थांबायचं, साधन तिथून हलवायचं, आणि दवाखान्यात किंवा तातडीच्या सेवेला फोन. तुम्ही दुसऱ्या शहरात आहात, म्हणून फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून त्याच्या जवळच्या माणसाला बोलवा. 'कुणाला सांगू नकोस' असं तो म्हणाला तर तसं वचन देऊ नका. 'तुझा जीव वाचवायला ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि तुला कळवून सांगेन', एवढं म्हणता येतं.

तीन फोनांचं काय करायचं? कमी करा, पण गायब होऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोत जेरोम मोटो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने एक साधा प्रयोग केला होता. नैराश्यामुळे किंवा आत्महत्येच्या धोक्यामुळे रुग्णालयात राहून घरी गेलेले, पण पुढचे उपचार नाकारणारे ८४३ जण. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून दोन-चार ओळींचं पत्र जायचं. बरे आहात ना, आठवण आली, लिहावंसं वाटलं तर लिहा, अशा अर्थाचं. 'तपासणीला या' नाही, 'औषध घेता का' नाही, उत्तराची सक्ती नाही. पहिल्या दोन वर्षांत या लोकांमध्ये आत्महत्येने झालेले मृत्यू, पत्रं न गेलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. नंतर हा फरक हळूहळू विरत गेला. मोबाइल नसतानाच्या काळातली ही गोष्ट, पण मेसेज पाठवताना मला ती हमखास आठवते. 'जेवलास का? झोपलास का? गोळी घेतलीस का?' हे तिन्ही मेसेज उत्तर मागतात. गणितात भाचा कुठे अडला त्याचा फोटो पाठवा, 'हे बघून तुझी आठवण झाली' एवढंच लिहा आणि फोन ठेवून द्या.

आता तयारीचं. हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो आणि नेमकं हेच कुणी सांगत नाही.

याला सुरक्षा आराखडा म्हणतात. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो बसवला. एक कागद असतो, फार तर पाठपोट. तो रुग्णाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा, समुपदेशकासोबत किंवा जवळच्या माणसासोबत बसून. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत, तातडीच्या विभागात आलेल्यांना असा आराखडा करून दिला आणि नंतर फोनवर विचारपूस ठेवली, तेव्हा पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येशी संबंधित वर्तन नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी दिसलं. तो अभ्यास २०१८ चा. कागद जादूचा नाही. मरणाचा विचार जोरात येतो तेव्हा डोकं चालत नाही, अशा वेळी आधीच ठरवलेलं समोर असलं तर त्या अवघड वेळेतून माणूस निभावतो, आणि त्या वेळेचा जोर बहुतेकदा काही मिनिटांत किंवा तासांत ओसरतो.

माझ्याकडे येणाऱ्या एका माणसाचा कागद त्याच्या परवानगीने, ओळख लपवून सांगतो. पहिल्या भागात स्वतःची धोक्याची चिन्हं लिहायची असतात. त्याने लिहिलं होतं, 'दाढी करणं सोडतो. ग्रुपवर नुसते अंगठे टाकतो. रात्री दोन वाजता जुन्या पगाराचे मेसेज उघडून बघतो.' हे तिसरं चिन्ह जगातल्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही, आणि तेच सगळ्यात खरं होतं. दुसऱ्या भागात कुणाच्याही मदतीशिवाय करता येईल असं काही. त्याने लिहिलं, जिना चार मजले वर-खाली. तिसऱ्यात जिथे गेल्यावर किंवा ज्यांच्याशी बोलल्यावर विषयच बदलतो अशी माणसं आणि जागा, यांना काही सांगायची गरज नसते. चौथ्यात ज्यांना 'मला पुन्हा तसं वाटतंय' असं सांगता येईल अशी माणसं. पाचव्यात डॉक्टर, समुपदेशक, हेल्पलाइन, जवळचं रुग्णालय. आणि शेवटी, घर सुरक्षित कसं करायचं.

महासाथीने याच कागदाला सगळीकडून कात्री लावली होती. तिसऱ्या भागात त्याने वाचनालय लिहिलं होतं, ते बंद. चौथ्यातला मित्र विलगीकरणात. पाचव्यातला दवाखाना फक्त कोविड घेणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये १३० देशांना विचारलं, तेव्हा ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या महत्त्वाच्या सेवा विस्कळीत झाल्या होत्या किंवा थांबल्या होत्या. नेमकी गरज वाढली तेव्हा. म्हणून आता कागद करताना प्रत्येक ओळीपुढे आणखी एक रकाना ठेवा, 'हे बंद पडलं तर काय?' त्या माणसाने वाचनालय खोडून लिहिलं, 'मित्राला कॉल लावून ठेवायचा, दोघांनी आपापलं काम करायचं, बोलायचं नाही.' डॉक्टर ऑनलाइन तपासतात का, चिठ्ठी फोनवर मिळते का, त्यांच्या जागी दुसरं कोण बघेल, हे सगळं आजच विचारून ठेवता येतं.

औषधांचं एक गुंतागुंतीचं आहे. टंचाईच्या भीतीने तुम्ही तीन महिन्यांचा साठा आणून त्याच्याकडे ठेवाल, तर थांबा. औषध मध्येच बंद पडणं वाईट, डॉक्टरांना न विचारता तर ते बंद करायचंच नाही. पण ज्याने एकदा प्रयत्न केला आहे त्याच्या हाताशी मोठा साठा असणंही धोक्याचं. दोन्हीचा मेळ डॉक्टरांकडूनच घालून घ्या. थोडी थोडी औषधं घेणं किंवा साठा दुसऱ्या कुणाकडे ठेवून आठवड्याची औषधं त्याच्याकडे देणं, अशा सोयी होतात. 'ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल' असं लोक ठामपणे बोलतात. ते चूक आहे. श्रीलंकेत सगळ्यात विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आली आणि १९९५ नंतरच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. साधन लांब गेलं की वेळ मिळतो, आणि वेळ मिळाला की बहुतेक माणसं वाचतात. एकदा प्रयत्न करून वाचलेल्यांपैकी दहातले सुमारे नऊ जण पुढे आत्महत्येने जात नाहीत. ही गोष्ट तुम्ही रात्री अडीच वाजता स्वतःला सांगा.

हा कागद त्याच्यापुढे कसा ठेवायचा? 'तुझी काळजी वाटते म्हणून हा फॉर्म भर' असं म्हणालात तर वॉचमनगिरी पुन्हा सुरू. खरं तेच सांगा. म्हणा, 'बातम्या बघून मला झोप येत नाही, म्हणून मी तुला सारखी फोन करते. पुन्हा तसे दिवस आले तर मी काय करावं आणि काय करू नये, ते तूच ठरव आणि मला लिहून दे.' अधिकार त्याच्याकडे जाऊ दे. कदाचित तो लिहील, 'ताईने दिवसातून एकदाच फोन करावा.' मग एकदाच करायचा. नाहीच म्हणाला तर आग्रह नको, त्याच्या डॉक्टरांनाच हा विषय काढायला सांगा. बाहेरच्या माणसाने काढलेला विषय कधी कधी सोपा जातो.

आईशी भांडू नका. त्यांनी तो दिवस पाहिला आहे, आणि गप्प राहणं हा त्यांचा त्या दिवसापासूनचा उपाय आहे. पण भाऊ विसरलेला नाही एवढं त्यांना सांगा. घरात कुणी बोलत नाही म्हणून तोही बोलत नाही, आणि घरच्यांना हे ऐकवत नाही असं तो समजून चालतो. त्यांनी स्वतः विचारायची गरज नाही. तुम्ही विचाराल तेव्हा त्यांनी विषय बदलू नये, इतकं पुष्कळ झालं.

आणि तुमची झोप. बातम्या दिवसातून एकदा, ठरावीक वेळी, रात्री नाही. आठवडाभर झोप येत नसेल तर तुमच्यासाठी डॉक्टरकडे जा, त्याच्यासाठी नाही. प्रयत्नातून वाचलेल्या माणसाच्या घरच्यांनाही धक्का बसलेला असतो. त्यांची विचारपूस फारशी कुणी करत नाही, कारण 'वाचला ना, मग झालं'. त्याच्या कागदावरच्या चौथ्या भागात तुमच्याशिवाय निदान दोन नावं असायला हवीत. ती नसतील तर राखण तुमच्या एकटीवर येते, आणि एकटीने ती वर्षानुवर्षं होत नाही.

राहिला फ्लॅटमधला मित्र. त्याला परस्पर सांगू नका. एरवी मोकळा राहणारा तुमचा भाऊ, ज्या घरात तो रोज झोपतो तिथेही आपल्यावर नजर आहे असं कळल्यावर आक्रसून जाईल, आणि तुमच्यावरचा विश्वास जाईल तो वेगळाच. त्याला विचारा, 'तुझ्या मित्राला यातलं किती माहीत असावं असं तुला वाटतं?' तो कदाचित म्हणेल, काहीच नको. तर आता काहीच नको. मात्र मित्राचा नंबर तुमच्याकडे असू द्या, तोही भावाकडूनच मागून घेतलेला, आणि का हवाय ते सांगून. जीवावर बेतलंय असं दिसलं त्या दिवशी परवानगीची वाट बघायची नाही, थेट फोन लावायचा. हेही भावाला आत्ताच सांगून ठेवा.